परवा अडवलेली पेनल्टी

माणूस जातो, शब्द मागे राहतो. मनोहरराव किनगावकर गेल्या हिवाळ्यात गेले, आणि सिकंदराबादच्या फुटबॉल मैदानावर त्यांच्या मागे जो शब्द राहिला तो त्यांना उभ्या आयुष्यात सहन झाला नव्हता. तो शब्द म्हणजे ‘परसों’.

ज्यांचा हैदराबादशी संबंध आलेला नाही त्यांना हे सांगायला हवं. इतरत्र परसों म्हणजे एक दिवस सोडून. इथल्या दखनी उर्दूत परसों म्हणजे कालचा दिवस सोडून मागचं सगळं. माणसाचं परसों लग्न झालेलं असतं आणि त्या लग्नातून झालेल्या मुलाला परसों नोकरी लागलेली असते. शेजारी राहिलं की शब्दांची देवघेव होतेच. आमच्या मराठी ‘नको’ला दखनीवाल्यांनी एक जास्तीचा क लावून ‘नक्को’ करून घेतला, आणि आमच्या ‘परवा’त आपला परसों भरून परत दिला. त्यामुळे इथल्या जुन्या मराठी घरांतही परवा म्हणजे कधीही. माझी सून रेवती पुण्याची. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिने काळजीने विचारलं होतं, “बाबा, परवा गुडघा दुखावला म्हणालात, मग डॉक्टरांकडे नाही गेलात?” मी म्हटलं, “गेलो होतो की. ते डॉक्टर वारले आता.”

मनोहरराव क्रीडा वार्ताहर होते, आणि तेही स्थानिक फुटबॉलचे. म्हणजे जे पद कुणी मागत नाही आणि म्हणून कुणी काढूनही घेत नाही. एका इंग्रजी दैनिकाच्या आतल्या पानावर, शिकवणीवर्गांच्या जाहिरातींखाली त्यांची बातमी यायची. सहा ओळींची, कधी चारची. गोल कुणी केला, कितव्या मिनिटाला केला, बदली म्हणून कोण आलं, आणि शेवटी प्रेक्षक किती. प्रेक्षक ते स्वतः मोजत. मध्यंतराला मोजत, कारण सुरुवातीला लोक आलेले नसतात आणि शेवटी थांबलेले नसतात. भिंतीवर बसलेले धरायचे. शेंगावाला धरायचा नाही, तो कामावर आहे. स्वतःलाही धरायचं नाही, त्याच कारणाने. ‘प्रेक्षक : त्रेचाळीस’ असं छापून आलं की क्लबांचे पदाधिकारी चिडत. एकाने विचारलंही, हजार लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? मनोहरराव म्हणाले, “बाकीचे नऊशे सत्तावन कुठे बसले होते ते दाखवा, लिहितो.”

असल्या माणसावर लोकांनी प्रेम का करावं हे मला नीटसं सांगता येणार नाही, पण केलं. ज्यांचं नाव शाळेच्या हजेरीपटानंतर कुठेही उमटणार नव्हतं अशांचं नाव हा माणूस बरोबर स्पेलिंगने छापून आणायचा. सामना संपल्यावर, शेवटची सात मिनिटं खेळलेल्या एखाद्या चिखलाने माखलेल्या खेळाडूजवळ जाऊन, पेनाचं टोपण दातात धरून विचारायचा, “नाम में एक एल की दो?” त्या खेळाडूला इतक्या आदराने कुणी कधी काही विचारलेलं नसायचं.

आणि कुणी बोलता बोलता परसों म्हटलं, की तेच टोपण पुन्हा निघायचं. “परसों मतलब? तारीख बोलो.”

तारीख कुणालाच सांगता येत नसे.

यंदाही पावसाने हात आखडता घेतला आणि लीगचा मोसम आला. चुन्याच्या रेषा मारल्या गेल्या, संध्याकाळच्या सरीने धुऊन नेल्या, पुन्हा मारल्या गेल्या, या वेळी जरा वाकड्या. भिंतीपलीकडून मालगाडी जाऊ लागली की पंचाची शिट्टी ऐकू येत नाही आणि बचावपटू त्या डब्यांच्या हिशेबाने पाय घालतात, हेही जुनंच. उकडलेल्या शेंगांचा वास, ओल्या कातड्याचा वास, कुणाच्या तरी गुडघ्यावरच्या बामाचा वास. मी ठरलेल्या पायरीवर बसलो आणि सवयीने डावीकडे पाहिलं. डावीकडे मनोहरराव बसत. तिथे यादगिरीने छत्री वाळत घातली होती.

यादगिरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाला आणि तेव्हापासून तो कशाचा ना कशाचा सचिव असतो. यंदा मनोहरराव स्मृती समितीचा आहे. समितीत अकरा उपाध्यक्ष आहेत. संघ पुरा होतो, फक्त पळायला कुणी तयार नाही. मनोहररावांना चाळीस वर्षांत मैदानावर कुणी खुर्ची दिली नव्हती. आता त्यांच्या नावाने मंच बांधायचा ठरला. स्मृती-सामना, मान्यवरांचे सत्कार, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते, म्हणजे पायाने, पहिली पेनल्टी, आणि एक रंगीत स्मरणिका.

त्यासाठी सुलतान बाजारातल्या एका चहाच्या हॉटेलात बैठक बोलावली होती. मी जायला नको होतं. मी पस्तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला, त्यामुळे बैठकींत लोक माझ्याकडे तारखा मागतात आणि दिल्या की नाराज होतात.

“मनोहर गारू लेजेंड थे सार,” यादगिरीने तेलुगू ‘गारू’ने, म्हणजे आपल्या ‘राव’ने, सुरुवात केली.

“लेजेंड कधी जन्मले ते लिहून घ्या आधी,” मी म्हटलं.

“अय्यो, परसोंच तो साठ साल का फंक्शन किए ना उनका.”

मनोहरराव गेले तेव्हा एकोणऐंशीचे होते. मी चहा प्यायलो.

कोपऱ्यात खाजा बसला होता. खाजा मियाँ सुलतान बाजारातल्या कापडाच्या गल्लीत शिवणयंत्र घेऊन बसतो. लोक दुकानातून कपडे घेतात, हा तिथल्या तिथे आखूड करून देतो. तरुणपणी तो आमच्या सुलतान बाजार इलेव्हनचा गोलकीपर होता. त्याचे हातमोजेही त्यानेच शिवलेले, वरून स्कूटरच्या सीटचं रेक्झिन, आतून पोत्याचं अस्तर. बैठकीत तो सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोलला.

“साब, वो मैच छापो ना किताब में. मैं पेनल्टी रोका सो.”

“कौनसे साल का?”

“परसों का.”

“मेरा लड़का पैदा हुआ सो साल,” यादगिरी म्हणाला.

“नक्को जी, उसके बाद का. तुम्हारा लड़का तो अब्बी परसों पैदा हुआ.”

यादगिरीच्या मुलाला टक्कल पडलं आहे. मी स्वतः तो सामना माझी सायकल चोरीला गेली त्या वर्षीचा धरतो, पण माझ्या सायकली दोन चोरीला गेल्या आहेत. अर्धा तास हे चाललं. शेवटी खाजाने कप खाली ठेवला.

“दामाद हँसता साब,” तो म्हणाला. “मैं बोला मैं रोका, तो बोलता मामू, वीडियो है क्या. पेपर में आया था बोला तो मोबाइल खोलको ढूँढता. घर में सब के सामने. कटिंग अब्बा संभालको रखे थे, घर बदले तो गुम गई. मेरी बात नक्को मानो. रिपोर्टर साब लिखे थे. उनो झूठ नहीं लिखते थे. वो एक कागज मिल गया तो बस.”

या शहरात आपल्या शब्दाला पुरावा म्हणून दुसऱ्या कुणाचा तरी खरेपणा पुढे करता येतो, ही गोष्ट मला त्या क्षणी भावली, आणि त्या भावण्यातच मी सापडलो. मनोहररावांच्या वह्या मराठीत आहेत, आणि समितीत मराठी वाचणारा मी एकटा. काम माझ्या गळ्यात पडलं.

तो सामना मलाही स्वच्छ आठवतो. त्या मोसमात आमच्या इलेव्हनमध्ये दोन शिंपी, एक भांडी कलई करणारा, एक सरकारी दवाखान्यातला वॉर्डबॉय आणि बाकीचे बेकार होते. बुटांचे सात जोड होते. बचावातले चौघे अनवाणी खेळत, असं आम्ही अभिमानाने सांगायचो, जणू काही ते तत्त्व होतं. असा संघ उपांत्य फेरीत गेला याचं कारण पाऊस. चिखलात बुटांचा उपयोग नसतो. समोर एका मोठ्या ऑफिसचा संघ, सगळ्यांचे मोजे एका रंगाचे. आम्ही एक-शून्यने पुढे होतो आणि उजेड जात चालला होता. चार मिनिटं उरली असताना पंचाने पेनल्टी दिली. मालगाडी जात होती, त्यामुळे शिट्टी ऐकू आली नाही; पंचाचा हात तेवढा दिसला. खाजाने हातमोजे दातांनी ओढून घट्ट केले. मग त्याने सूर मारला आणि ओल्या रेक्झिनवर चेंडू आदळल्याचा ‘थप्’ असा आवाज झाला. तो आवाज मला आजही ऐकू येतो. नंतर भिंतीवरचे सगळे आत उतरले आणि काही दिसेनासं झालं. खाजाला खांद्यावर घेणाऱ्यांत मी होतो. माझ्या एकुलत्या एका पांढऱ्या शर्टावरचा चिखल कधी गेला नाही.

अंतिम सामना आम्ही पाच-शून्यने हरलो. त्याबद्दल कुणी परसोंसुद्धा म्हणत नाही.

वह्या सुमनवहिनींकडे, विद्यानगरला. मनोहररावांच्या पत्नी. मी गेलो तेव्हा त्यांनी छत्तीस वह्या आधीच दोन पिशव्यांत भरून दाराशी ठेवल्या होत्या.

“घेऊन जा बाबा एकदाच्या,” त्या म्हणाल्या. “मी सगळ्या चाळून पाहिल्या. छत्तीस वह्यांत माझा वाढदिवस कुठे नाही. कोणाचा मोजा अकराव्या मिनिटाला खाली आला ते आहे. तुमचे समितीवाले परवा येऊन फोटो घेऊन गेले. परवा म्हणजे सोमवारी. तुम्ही लगेच तोंड उघडू नका.”

मी उघडलं नाही. वरची वही अर्धी कोरी होती. शेवटची. त्या म्हणाल्या, ती तुम्ही ठेवून घ्या, मी काय लिहिणार तिच्यात, दुधाचा हिशेबही आता मोबाइलवर येतो.

मराठीत टिपणं का, असं मी मनोहररावांना एकदा विचारलं होतं. मैदानावर सगळे खांद्यावरून वाकून बघतात, असं उत्तर मिळालं होतं. शिवाय नुसती मराठी नव्हे. आद्याक्षरं, आणि अक्षर असं की मुंग्यांची मिरवणूक पावसात सापडावी. शेजारी इतकी वर्षं बसल्यामुळे मला ते लागतं. माझ्या मुलाला दाखवलं तर तो म्हणाला, “बाबा, हे मराठी आहे?” अर्थात त्याला छापील मराठीही जड जाते, त्यामुळे त्याची साक्ष धरता येत नाही.

तारीख माहीत नसल्यामुळे पहिल्या वहीपासून वाचावं लागलं. चार दुपारी गेल्या. कोण कुठल्या पायाने खेळायचा, कुठल्या दिवशी चेंडू फुटला, दुसरा मिळेपर्यंत किती मिनिटं गेली. एका पानावर नुसतं, ‘पाऊस. प्रे. ३. त्यात एक पंचाचा भाऊ.’ मला राग येत होता, कशाचा ते कळत नव्हतं. इतकी वर्षं हा माणूस माझ्या शेजारी बसून माझ्यापेक्षा जास्त पाहत होता, याचा असावा.

सतराव्या वहीत तो सामना निघाला. तारीख, वार, वेळ. दोन्ही संघांचे अकरा-अकरा. आणि खाली : ‘८६ मि. पे. चें. डा. गो. उ. बा.’

चेंडू डावीकडे. गोलकीपर उजवीकडे. बाहेर.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अक्षरं तीच राहिली. पेनल्टी कुणी अडवलीच नव्हती. ती मारणाऱ्याने बाहेर मारली होती, आणि आमचा खाजा त्या वेळी दुसऱ्या बाजूला आडवा पडलेला होता. म्हणजे तो ‘थप्’ चेंडूचा नव्हता. तो खाजा चिखलात पडल्याचा होता. पस्तीस वर्षं मी वर्गात सांगत आलो की प्रत्यक्षदर्शींवर विसंबू नका. तेव्हा माझ्या मनात प्रत्यक्षदर्शी म्हणजे इतर लोक होते.

पानाच्या तळाशी वेगळ्या शाईत एक ओळ होती. ‘खाजा म्हणतो अडवली. असू दे.’ तिच्याखाली तारीख, सामन्यानंतर नऊ वर्षांनी. तारीख असणारच.

मग आठवत गेलं. हॉटेलात खाजा ती गोष्ट सुरू करायचा तेव्हा मनोहरराव कधी त्याच्याकडे पाहत नसत. साखर आधीच घातलेल्या चहात चमचा फिरवत बसत. ज्या माणसाने माझा मुलगा झाल्याच्या पेढ्यांवेळी मला चारचौघांत सांगितलं होतं की तुम्ही ज्या गोलची आठवण काढताय तो दुसऱ्या नव्हे, तिसऱ्या मिनिटाला झाला, तो माणूस खाजापुढे चमचा फिरवत बसायचा. नऊ वर्षं त्यांनी ते आत ठेवलं, मग एक दिवस वही काढून ‘असू दे’ लिहिलं आणि मोकळे झाले. सवलत एकट्या खाजाला. आणि त्या सवलतीची थकबाकी आता मी निस्तरायची.

बातमी काय छापून आली होती हे शोधण्यात अर्थ नव्हता. त्या दिवशी डेस्कने चार ओळींत बसवलं असेल तर पेनल्टी गळालीच असणार. अब्बांनी जपलेल्या कात्रणात नेमकं काय होतं, ते अब्बांनाच ठाऊक, आणि त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

खाजाच्या गल्लीत मी दुपारी गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. त्याने यंत्रावरून पाय काढला.

“मिली?”

“हौ. मिली.” मी तारीख सांगितली. त्याने शिंप्याचा खडू घेऊन एका निळ्या कापडाच्या तुकड्यावर ती लिहून घेतली आणि तुकडा घडी करून वरच्या खिशात ठेवला.

“मेरा नाम है?”

“है.”

“क्या लिखे?”

मी वही उघडली. त्याने मान पुढे केली. खालच्या ओळीवर बोट ठेवून मी वाचून दाखवलं, “खाजा... अडवली.” मधला एक शब्द मला त्या वेळी लागला नाही. अक्षर फार वाईट आहे.

“अडवली बोले तो रोकी?”

“रोकी.”

“और उसके बाद क्या है?”

“उसके बाद लिखे, असू दे.”

“मतलब?”

मी वही मिटली. “मतलब, ठीक है. रहने दो.”

“ऐसाच बोलते थे उनो,” खाजा म्हणाला आणि नाक ओढून पुन्हा यंत्रावर पाय ठेवला. असं ते कधीच बोलत नसत. पण तेवढी दुरुस्ती मी गिळली.

दुसऱ्या दिवशी त्याने जावयाला वही दाखवायला बोलावलं आणि मी ती घेऊन गेलो. जावयाने मोबाइलवर पानाचा फोटो काढला, भाषांतराचं काहीतरी लावून पाहिलं, आणि यंत्राने उत्तर दिलं की ही भाषा ओळखता आली नाही. मग त्याने वहीकडे, माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि म्हणाला, “सॉरी मामू.” हा लेख मी मराठीत लिहितो आहे, त्यामागेही मनोहररावांचंच कारण आहे.

स्मरणिकेसाठी मी फक्त तारीख, निकाल आणि प्रेक्षकसंख्या लिहून दिली. सगळं खरं. छापताना यादगिरीने वर्ष चुकवलं आणि खाली स्वतःहून ‘ऐतिहासिक बचाव’ अशी ओळ घातली. मी त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “टेन्शन नक्को लेओ सार, कोई नहीं पढ़ता.” सचिवांचं हे एकच विधान मला कधी खोडता आलेलं नाही.

स्मृती-सामन्याच्या दिवशी मैदानाच्या दारावर मनोहररावांचं मोठं फ्लेक्स लागलं होतं. कुठल्यातरी जुन्या सामूहिक फोटोतून त्यांना कापून काढलं होतं, पण खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहिला होता. लोक थांबून तो हात पाहत होते. खाजाही थांबला.

“वो हात मेरा है साब,” तो म्हणाला.

प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. तोवर रेषा दोनदा धुतल्या गेल्या. मनोहररावांचं नाव प्रत्येक वक्त्याने घेतलं. दोघांनी बरोबर घेतलं. एक जण म्हणाला, ते परसों मला भेटले होते आणि त्यांच्या डोळ्यांत या मैदानाचं स्वप्न होतं. शालींचा ढीग संपला, मग तीच शाल काढून पुढच्याला घालू लागले. दोन मिनिटांची शांतता मी घड्याळावर पाहिली. मालगाडी आली नसती तर चाळीस सेकंद तरी भरली असती.

मग पेनल्टी. गोलमध्ये कुणाला उभं करायचं हे समितीने ठरवलं नव्हतं. खाजा आपणहून गेला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पायजमा घोट्यांपासून वर दुमडलेला, हातांत मोजे नाहीत. छायाचित्रकार सगळे पाहुण्यांकडे तोंड करून, गोलकडे पाठ करून उभे राहिले. पाहुण्यांनी धोतर सावरलं आणि मारली. चेंडू डावीकडे निघाला, चिखलात रेंगाळला, शेळीनेही अडवला असता अशा बेताने गोलकडे येत राहिला. खाजाने सूर मारला. गरज नव्हती. डावीकडे मारला, चेंडूच्या बाजूला, आणि चेंडू पोटाखाली घेऊन पडून राहिला. ‘थप्’ असा आवाज झाला. तो कशाचा, हे या वेळी मी नीट पाहिलं होतं.

टाळ्या पाहुण्यांना पडल्या. खाजाला उठायला जरा वेळ लागला. उठला तो चेंडू छातीशी धरून, आणि त्याने सवयीने पायऱ्यांकडे, माझ्या डावीकडे पाहिलं.

मी तिथे पुन्हा वाळत घातलेली छत्री उचलून यादगिरीच्या हातात दिली. मध्यंतराला उभं राहून एकदा मोजलं, भिंतीवरचे धरून, शेंगावाल्याला सोडून, स्वतःलाही सोडून. खात्रीसाठी पुन्हा मोजलं. मग ती अर्धी कोरी वही काढली, वर तारीख, वार आणि वेळ घातली, आणि खाली लिहिलं : ‘पे. मारणारे प्र. पा. चें. डा. गो. डा. खाजाने अडवली. प्रे. ३१. मंचावर ३४.’